ओटावाला पाठवलेलं मत

मावशी आमच्याकडे मेलबर्नच्या टोकाला, क्रेगीबर्नला आली ती वहिनीच्या बाळंतपणासाठी. वहिनीच्या आईचा व्हिसा अडकला होता आणि माझ्या आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, म्हणून दोन्ही आयांच्या वतीने आईची मोठी बहीण कॅनडाहून दाखल झाली. फेब्रुवारी महिना. तिच्या दाराबाहेर गुडघाभर बर्फ होता आणि आमच्या अंगणातलं गवत जळून पिवळं पडलं होतं. तिने एअरपोर्टवरच जाडजूड कोट काढून दादाच्या हातात दिला आणि विचारलं, "तुमच्याकडे चुली बाहेर पेटवतात का रे?"

युनिव्हर्सिटी संपल्यावर मी तिच्याजवळची, क्लेटनमधली खोली सोडून दादाकडे राहायला आले होते. आठवड्यातले दोन दिवस ऑफिसला जायचं, बाकीचे दिवस जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप उघडून बसायचं. मी फारशी बोलत नाही. शाळेत असताना चुकीचं इंग्लिश बोलण्याची भीती होती, घरी चुकीचं मराठी बोलण्याची, त्यातून जी सवय लागली ती लागली. मावशीने पहिल्याच आठवड्यात माझी पारख केली आणि ठरवून टाकलं, की हिला काही विचारायचं नाही, हिच्यासमोर आपण बोलत राहायचं. मला ते फार सोयीचं झालं. त्यामुळे तिच्याबद्दल जेवढं मला कळलं तेवढं माझ्या आईलासुद्धा माहीत नसावं.

लहानपणी मला कॅनडा म्हणजे अमेरिकेचा वरचा मजला वाटायचा. मावशी यायची तेव्हा बॅगेतून चॉकलेटं निघायची, आणि ती कोणत्या मजल्यावरची आहेत याची आम्हाला फिकीर नव्हती. मावशीलाही नसावी. आता होती. त्या दिवसांत शेजारच्या देशाचा अध्यक्ष कॅनडाला आपलं एक राज्य करून टाकण्याची भाषा करत होता. आमच्याकडे ती बातमी दोन मिनिटं दाखवायचे आणि मग क्रिकेट. मावशी मात्र सुपरमार्केटमध्ये प्रत्येक बरणी उलटी करून बघायला लागली.

डिंकाच्या लाडवांसाठी बदाम घ्यायला आम्ही गेलो होतो. "हे नकोत, कॅलिफोर्नियाचे दिसतायत. इथलेच घे." मग संत्री. त्यांच्यावरचं बारीक स्टिकर तिने चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि पिशवीत भरलेली सहाच्या सहा संत्री एकेक करून परत रचून ठेवली. काउंटरवरच्या मुलीने तिचे उच्चार ऐकून सहज विचारलं, की तुम्ही अमेरिकेच्या का. मावशीचा चेहरा असा झाला की ती मुलगी ताबडतोब सॉरी म्हणाली.

"नो वरीज," मावशी म्हणाली. हे ती आल्या आल्या शिकली होती. "कॅनडा."

दादाला ही गोष्ट जेवताना कळली. "मावशी, तू मूळची डोंबिवलीची. तुला काय एवढं लागतंय?"

"तुझ्या डोंबिवलीला कोणी कल्याणचा वॉर्ड म्हटलं तर?"

दादाने मीठ मागितलं. डोंबिवलीकराला हे लागतं.

संध्याकाळी बाळाला प्रॅममध्ये घालून आम्ही दोघी तळ्याभोवती फेरी मारायचो. तळं बिल्डरने खणलेलं, बदकं मात्र खरी. तिथे मावशीने मला कॅनडाचा इतिहास सांगितला, म्हणजे तिच्या पद्धतीने. "आपल्याकडे स्वराज्य म्हटलं की तलवार नाहीतर तुरुंग. तिकडे नुसत्या फायली. अर्ज करून करून मिळवलंय त्यांनी. आधी म्हणाले, घरखर्च आमचा आम्ही बघू. मग म्हणाले, बाहेरचे व्यवहारही आमचे आम्ही करू. मग स्वतःचा झेंडा केला. तो झेंडा माझ्यापेक्षा लहान आहे, माहितीये? आणि एवढं सगळं होऊन घराचा मूळ कागद, म्हणजे राज्यघटना, लंडनला, सासूच्या कपाटात!"

"सासू देत नव्हती?"

"देत होती गं. ती कधीची म्हणत होती, न्या. ह्या भावाभावांचंच एकमत होईना. कागद आणायचा, पण पुढे त्यात फेरफार करायचा झाला तर सह्या कोणाकोणाच्या लागणार? यावर पन्नास वर्षं भांडले. शेवटी मी लग्न होऊन तिकडे गेले, दोनतीन वर्षं झाली आणि मग आला कागद."

"तू गेलीस म्हणून?"

"नाहीतर काय!"

ती हसली, मग प्रॅमचा ब्रेक लावून बाकावर बसली. एका भावाने तेव्हाही सही केली नाही, असं तिने सांगितलं. तो भाऊ म्हणजे क्वेबेक, फ्रेंच बोलणाऱ्यांचा प्रांत, आणि मावशी-काका नेमके त्याच्याच घरात, मॉन्ट्रियलला. मावशी तिथे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करायची. रक्ताच्या नळ्यांवरची लेबलं वाचता वाचता ती फ्रेंच शिकली.

पुढे त्या प्रांताने कॅनडातून वेगळं व्हायचं की नाही यावर मतदान घेतलं. मावशी तोपर्यंत तिथली नागरिक झाली होती. मतदानाचं कार्ड घरी आलं होतं. काका म्हणाले, भावांच्या वाटणीत शेजाऱ्याने तोंड घालू नये. मावशीला ते पटलं नव्हतं, पण तिने कार्ड फ्रिजवर लावलं आणि मतदानाच्या दिवशी ती लॅबमधून सरळ घरी आली. निकाल केसाच्या अंतराने लागला, वेगळं व्हायचं नाही असा. आणि टीव्हीवर हरलेल्या बाजूच्या एका पुढाऱ्याने खापर फोडलं ते पैसेवाल्यांवर आणि मावशी-काकांसारख्या बाहेरून आलेल्यांच्या मतांवर.

"मत देऊन बोलणी खाल्ली असती तर चाललं असतं गं," मावशी म्हणाली. "मी घरी बसून खाल्ली."

त्यानंतर तिने एकही मतदान चुकवलं नाही. देशाचं, प्रांताचं, गावाचं, शाळेच्या बोर्डाचंसुद्धा, जिथे तिचं कुणी मूल शिकत नव्हतं. काका गेले त्या वर्षी, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती मत द्यायला गेली होती.

मार्चच्या शेवटी कॅनडात निवडणूक जाहीर झाली, मतदान एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी. मावशीचं परतीचं तिकीट मे महिन्यातलं होतं. दादा आमटी भुरकत म्हणाला, "एका वेळी नाही दिलंस तर काय आकाश कोसळणारे?" मावशीच्या हातातला आमटीचा डाव त्याच्या वाटीवरून तसाच पुढे गेला आणि माझ्या वाटीत रिकामा झाला. दादाने नंतर स्वतः उठून वाढून घेतली.

परदेशात असलेल्यांना पोस्टाने मत देता येतं. तिच्या लायसन्सचा फोटो काढून, फॉर्म भरून मी अर्ज पाठवला. एक अट मोठ्या अक्षरांत होती: भरलेलं पाकीट मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत ओटावाला पोहोचलं पाहिजे, उशीर झाला तर मोजणार नाहीत. मग वाट बघणं सुरू झालं. आमच्याकडे पोस्टी एक दिवसाआड येतो. त्याच्या गाडीचा आवाज आला की मावशी हातातलं बाळ मिळेल त्याच्या हातात देऊन बाहेर जायची. एकदा तिने ते माझ्याकडे ऑफिसच्या मीटिंगमध्ये दिलं. तिथे मी एरवी कॅमेरा लावत नाही, नेमका त्या दिवशी लावला होता. माझ्या मॅनेजरने मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक खाजगी प्रश्न विचारला.

पाकीट आलं ते ईस्टरच्या आधीच्या बुधवारी. त्यात एक मतपत्रिका, एक कोरं पांढरं पाकीट, एक मोठं पाकीट आणि सूचनांचा कागद होता. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं छापलेली नव्हती. नुसती एक रिकामी ओळ. आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं, कागद पांढऱ्या पाकिटात घालून चिकटवायचा, ते मोठ्या पाकिटात घालायचं आणि वरून सही, तारीख. मावशीने बुधवारी वाण्याच्या यादीच्या मागे ते नाव चार वेळा लिहून सराव केला आणि ती चिठ्ठी बारीक फाडून कचऱ्यात टाकली. गुरुवारी सकाळी अंघोळ करून, चांगली साडी नेसून ती टेबलाशी बसली. पहिल्या बाकावरच्या हुशार मुली उत्तर झाकतात तसा डावा हात आडवा धरून तिने नाव लिहिलं, फुंकर घातली, घडी घातली. तेवढ्यात बाळ रडलं. घडी केलेला कागद पाकिटांच्या गठ्ठ्यावर ठेवून ती आत गेली.

आमच्या वहिनीकडे महत्त्वाचा कुठलाही कागद आधी देवापुढे जातो. घराची कागदपत्रं, बाळाचं मेडिकेअर कार्ड, माझं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट, सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं आहे. नवा फ्रिज आला तेव्हा त्याच्या दारावर तिने काढलेलं स्वस्तिक अजून अर्धं दिसतं. त्या दिवशी तिची पूजा चालली होती. टेबलावरचा गठ्ठा तिने उचलला, देव्हाऱ्यासमोर ठेवला, ओल्या कुंकवात बोट बुडवून वर टेकवलं, वर चार अक्षता टाकल्या आणि हात जोडले.

मी सगळं बघत होते. माझ्या कानात हेडफोन होता, कोणीतरी मागच्या महिन्याचे तक्ते समजावून सांगत होतं. मला वाटलं, पाकिटाला लावतेय. आणि जे दिसतं त्यावर बोलायची मला सवय नाही.

मावशी बाहेर आली. तिने घडी उलगडली. कुंकू एका थरातून दुसऱ्यात झिरपून आतल्या नावाशेजारी, बोराएवढं, गोल उमटलं होतं.

"अगं बाई! हे काय गं केलंस?"

"मावशी, काम यशस्वी व्हावं म्हणून..." वहिनीने कुंकवाचं बोट मागे लपवलं. "तुम्ही पाकिटात घातलं असेल असं वाटलं हो मला."

सूचनांचा कागद मी आणून वाचला. मत देणारा ओळखू येईल अशी कुठलीही खूण मतपत्रिकेवर असली तर मत बाद. मी ते मोठ्याने वाचलं नाही, नुसतं बोट ठेवलं. मावशीने वाचलं आणि ती खुर्चीवर बसली.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. वहिनी रडायला लागली तेव्हा तिनेच तिला जवळ घेतलं. "रडू नकोस, दूध कमी होईल. तू काय मुद्दाम केलंस?" दादा ऑफिसमधून लवकर आला आणि त्याने उपाय सुचवायला घेतले. आधी व्हाइटनर. मग नेलपॉलिश काढायचं पाणी. मग फ्रीझरमध्ये ठेवून खरवडणं, हे त्याने फोनवर कुठेतरी वाचलं होतं.

"तू तुझी गाडी धू जा," मावशी म्हणाली.

कुरियरचं काउंटर संध्याकाळी पाचला बंद होणार होतं. पुढे गुड फ्रायडेपासून ईस्टर मंडेपर्यंत सगळं बंद. मी म्हटलं, तसंच टाकूया का? मावशी म्हणाली, थांब. मी म्हटलं, त्यांना फोन करून विचारते. ती म्हणाली, "नको. बाद म्हणाले तर? मग मी काय पाठवू?" पाच वाजून गेले. तो कागद जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीखाली राहिला आणि आम्ही सगळे स्वयंपाकघरात उभ्याने जेवलो.

मी फोन करत नाही. पिझ्झासुद्धा मागवत नाही; ॲप नसेल तर मी जेवणार नाही. पण शुक्रवारी पहाटे सहाला उठून मी गॅरेजमध्ये दादाच्या गाडीत जाऊन बसले, कारण तिथून आवाज घरात जात नाही. ओटावाला अजून गुरुवारची दुपार होती. मी आधी वाक्यं लिहून काढली होती. फोन एका बाईने उचलला. आवाजावरून वयस्कर, आमच्या शाळेतल्या लायब्ररीच्या बाईंसारखी.

मी कागदावरचं वाचलं. मतपत्रिकेवर चुकून लाल डाग पडला आहे.

"सॉरी टु हिअर दॅट," ती म्हणाली. "डाग कशाचा आहे?"

हे मी लिहून आणलं नव्हतं. "एक लाल पूड असते. आम्ही ती... देवापुढे लावतो. कपाळावरही लावतो."

"मतदाराने लावली?"

"नाही. माझ्या वहिनीने. ती सगळ्यालाच लावते. आमच्या फ्रिजलाही आहे."

"का लावते, विचारलं तर चालेल?"

"चांगलं व्हावं म्हणून."

"ओह," ती म्हणाली. "किती छान."

तिने मला थांबायला सांगून कोणाला तरी विचारलं. परत येऊन पुन्हा सॉरी म्हणाली. ती फोनवर निर्णय देऊ शकत नव्हती. मोजणारे लोक कागद बघून ठरवतात. डाग म्हणजे नाव नव्हे, सही नव्हे, एवढंच ती सांगू शकत होती. दुसरी मतपत्रिका आता मागवली तर ती भरून वेळेत परत येणार नाही. त्याबद्दलही सॉरी. मी पण सॉरी म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की घामाने माझी पाठ भिजली आहे आणि मी हसते आहे.

मावशी दिवाणखान्यात बाळाला तेल लावत होती. जमिनीवर पाय पसरून, पायांवर बाळ उताणं. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, लायब्ररीच्या बाईंच्या आवाजासकट. इतकं सलग मी तिच्याशी आधी बोलले नव्हते. वहिनी चहाचा कप धरून दारात उभी होती. मावशी बाळाच्या पोटऱ्या चोळत राहिली. दुसरा पाय हातात घेऊन ती म्हणाली, "त्या दिवशी पाऊस होता."

"कुठल्या दिवशी?"

"घराचा कागद आला ना, त्या दिवशी. राणी स्वतः आली होती सही करायला. ओटावात, उघड्यावर टेबल मांडलेलं. मी लॅबच्या कँटीनमध्ये टीव्हीवर बघितलं. वारा असा, की कागद उडतोय की काय वाटावं. सह्या चालल्या असताना थेंब पडले आणि शाई फुटली. पुढे मी त्याचा फोटो पाहिला, थेंबांचे डाग आहेत तसेच आहेत." तिने बाळाला पालथं केलं. "आणि त्याच्या दोन प्रती होत्या. दुसरीवर पुढल्याच वर्षी कोणीतरी चिडून रंग ओतला."

"कुठला रंग?" वहिनीने दारातून विचारलं.

मावशीचा हात थांबला. बहुधा तिच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं. "लाल," ती म्हणाली. "अजून आहे. पुसायला गेलं तर कागद खराब होईल म्हणून तसाच ठेवलाय."

"मग कुंकूच म्हणा की ते," वहिनी म्हणाली.

मावशी इतकी हसली की तिच्या पायांवरचं बाळ हिंदकळायला लागलं. मीही हसले. दादा डोळे चोळत बाहेर आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला, पण कोणी त्याला धड सांगू शकलं नाही.

मावशीने हात धुतले, टोपलीखालून कागद काढला, पुन्हा एकदा निरखून पाहिला आणि पांढऱ्या पाकिटात घालून चिकटवला. मग मोठं पाकीट, सही, तारीख. "त्यांना ठरवायचंय ते ठरवू देत. मी दिलं."

मंगळवारी सकाळी कुरियरचं काउंटर उघडायच्या आधी आम्ही दोघी दारात उभ्या होतो. आता मुदत संपायला सहा दिवस होते. मी माझ्या लॅपटॉपवर ट्रॅकिंगची खिडकी उघडून ठेवली आणि मावशी दर तासाला माझ्यामागे येऊन उभी राहू लागली. मेलबर्नहून निघालं. सिडनीला पोहोचलं. सिडनीहून निघालं. मग एके सकाळी पाकीट अमेरिकेतल्या एका शहरात उतरलेलं दिसलं आणि दीड दिवस तिथेच बसून राहिलं.

"शेवटी गेलंच त्यांच्या तावडीत!" मावशी म्हणाली. संत्र्यांचा एवढा बंदोबस्त करून मत मात्र तिकडून निघालं होतं. दादा म्हणाला, "सोडतील मावशी, त्यांना वाटेल त्यांच्याच एका राज्यातलं आहे." या वेळी तिने त्याला लाटण्याने मारलं, अगदी खरं.

शनिवार-रविवार खिडकीत काही हललं नाही. सोमवारी मावशीने ट्रॅकिंगचं नाव काढलं नाही. तिने पुरणपोळ्या केल्या, कसलाही सण नसताना. मंगळवारी पहाटे मी उठले तेव्हा ती माझ्या लॅपटॉपसमोर अंधारात बसलेली होती. पासवर्ड माहीत नसल्याने नुसती बंद पडद्याकडे बघत. मी खिडकी उघडली. ओटावाला सोमवारी सकाळी पोहोचलं, कोणीतरी सही करून घेतलं. मुदतीच्या कितीतरी तास आधी.

मावशीने पडद्यावरची ती अस्पष्ट सही बोटाने मोठी करायचा प्रयत्न केला. माझ्या लॅपटॉपला तसं होत नाही. "कोणीही असो," ती म्हणाली, "देव तिचं भलं करो." सही बाईची आहे हे तिने स्वतःच ठरवलं होतं.

दुपारी निकाल येऊ लागले. मी काम करत होते, शेजारी तिचा टॅब्लेट आणि मटारच्या शेंगांचं ताट. तिच्या मतदारसंघात पाच उमेदवार होते. चारच्या सुमारास तिने चष्मा काढून पदराने पुसला.

"माझा पडला."

चार पडलेल्यांपैकी कुठला, ते मी विचारलं नाही. "वाईट वाटलं?"

"छे. पडू दे." तिने एक शेंग सोलली. "त्याला जी काही मतं पडलीयत ना, त्यात मी आहे. कुंकवासकट मोजलं असेल तर. नसेल मोजलं तर निदान कोणीतरी हातात धरून, बघून, विचार करून बाद केलं असेल. घरी फ्रिजवर तर नाही राहिलं."

त्याच आठवड्यात, शनिवारी, आमच्याकडे निवडणूक होती. इथे मत द्यावंच लागतं, आणि माझी ही पहिलीच खेप. आदल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेताना मी नुसते ओठ हलवले होते. शेजारचा माणूस इतका खणखणीत बोलत होता की माझं त्यात भागून गेलं. दादाने सकाळी फॅमिली ग्रुपवर एका पक्षाच्या पत्रकाचा फोटो टाकला, कुठल्या उमेदवाराच्या चौकोनात पसंतीचा कितवा नंबर लिहायचा ते दाखवणारा, खाली अंगठा. आम्ही सगळे चालत प्राथमिक शाळेत गेलो. फाटकाशी पत्रकं वाटणारी माणसं, आत मैदानात पालकांनी मांडलेला सॉसेजचा स्टॉल, कांदा परतल्याचा वास. मावशीला मत नव्हतं, पण ती नटून आली होती आणि रांगेतल्या अनोळखी लोकांना आपलं मत वेळेत पोहोचल्याचं सांगत होती.

आत पुठ्ठ्याचे आडोसे होते, दोरीला बांधलेली पेन्सिल. सिनेटची, म्हणजे वरच्या सभागृहाची, मतपत्रिका इतकी लांब की आडोशात मावेना. मी सगळी नावं वाचली. घाई नव्हती, कोणी काही विचारत नव्हतं. आयुष्यभर लोक मला सांगत आले, बोल गं, काहीतरी बोल. आणि ही एक जागा अशी, जिथे न बोलता आपलं म्हणणं मांडायचं असतं आणि ते झाकून ठेवायला सरकारनेच भिंत उभी करून दिलेली असते. मी दादाच्या फोटोकडे पाहिलं नाही. एकपासून सुरुवात करून नंबर लिहीत गेले, दोन ठिकाणी थांबले, पुन्हा विचार केला, लिहिले.

बाहेर दादा ब्रेडमधलं सॉसेज खात उभा होता. "केवढा वेळ! आम्ही म्हटलं झोपलीस आत."

"वाचत होते."

"मी पाठवलेलं तसंच केलंस ना?"

मी बाळाची टोपी सारखी केली. त्याने पुन्हा विचारलं. "अगं, कोणाला दिलंस? सांग की, मला सांगायला काय?"

"ए," मावशी बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली, "असं विचारायचं नसतं."

दादा आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. त्याने अजून दोनदा विचारलं, एकदा घरी येताना आणि एकदा पुढच्या रविवारी. मी त्याला सांगितलेलं नाही.